वळणावरचे दोन हॉर्न

मी एक जुना हॉर्न आहे. लगेच कानांवर हात ठेवू नका मित्रांनो, मी वाजणार नाही. न वाजण्यातच माझं बहुतेक आयुष्य गेलं. एका राखाडी मोटारीच्या पुढच्या जाळीमागे मी दोन स्क्रूंवर बसलेला असतो. समोरचा रस्ता मला पट्ट्यापट्ट्यांनी दिसतो आणि गाडीत बोललेलं सगळं ऐकू येतं. हॉर्नला कान नसतात असा तुमचा समज असेल तर तो काढून टाका.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याची पातळ चकती, तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि वर काळं झाकण, एवढाच माझा देह. तपासणाऱ्या बाईंनी मला एकदा वाजवून पाहिलं, मान डोलावली आणि खोक्यात घातलं. आता जन्मभर गाजायचं, असं मला तेव्हा वाटलं होतं. पण मी ज्या देशात पोचलो तिथे हॉर्न वाजवणं म्हणजे भर रस्त्यात कुणाच्या तरी अंगावर ओरडणं. अपघात टाळायचा असेल तरच वाजवायचा, नाहीतर दंड. माझे पहिले मालक निवृत्त मास्तर होते. अकरा वर्षांत त्यांनी मला फक्त गाडीच्या वार्षिक तपासणीला वाजवलं. गाडी विकताना ते कौतुकाने म्हणाले की हॉर्न अगदी नवाकोरा आहे. मला काय वाटलं ते कुणी विचारलं नाही.

गाडी घेणारा माणूस दूर देशातून कामाला आलेला होता. तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून मी त्याला लिफ्टवाला म्हणतो. मागच्या सीटवर त्याची हत्यारांची पिशवी आणि ग्रीसचा डबा असे. एका खोलीत तो आणि त्याच्यासारखे आणखी चार जण राहत. बायकोशी मनातलं बोलायचं तर त्याला एकच जागा होती, ती म्हणजे ही गाडी. रविवारी दुपारी तो इमारतीखाली गाडीत येऊन बसायचा, काचा वर करायचा आणि फोन स्टिअरिंगला टेकवायचा. मराठी मी तिथेच शिकलो. ‘अगं’ म्हटलं की बायको आणि ‘ठमे’ म्हटलं की मुलगी, हे माझे पहिले धडे.

ठमी तेव्हा पाच वर्षांची होती. लिफ्टवाल्याची तिकडे घरी एक स्कूटर होती. कामावरून परतताना गल्लीच्या वळणावर तो दोनदा हॉर्न वाजवायचा आणि ठमी असेल तिथून, असेल तशी दाराकडे पळायची. एकदा तर अर्ध्या अंघोळीतून साबणासकट धावली होती. हा किस्सा तो बायकोकडून पुन्हा पुन्हा ऐकायचा आणि दर वेळी तितकाच हसायचा. मला त्या स्कूटरच्या हॉर्नचा फार हेवा वाटे. मी त्याच्याहून दणकट, आवाजाने खणखणीत, पण माझ्यासाठी कधी कुणी धावलं नव्हतं.

लिफ्टवाल्याला इकडे येऊन आठ महिने झाले आणि ठमी रुसली. ती फोनवर यायलाच तयार होईना. तिच्या आईने समजावलं, लाडीगोडी लावली, शेवटी डोळे वटारले, पण ठमी काही हलेना.

“ती म्हणते, फोनमधला बाबा नको,” आई हताशपणे म्हणाली.

 लिफ्टवाल्याच्या डोक्यात काय आलं कोण जाणे. त्याने तळहात स्टिअरिंगवर ठेवला आणि मला दोनदा दाबलं. मित्रांनो, मी जीव तोडून वाजलो. पॉम्, पॉम्. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं त्या दोन आवाजांत ओतलं. फोनमधून चिमुकल्या पावलांचा धडधड आवाज आला आणि लिफ्टवाला हसून म्हणाला, “आली बघ.”

पण पावलं जवळ यायच्या ऐवजी लांब गेली. कडी वाजली. बायकोचा आवाज एकदम बारीक झाला.

“अहो, ती फोनकडे नाही आली. दार उघडून वळणाकडे बघत उभी आहे.”

ठमी त्या दारात बराच वेळ उभी होती. मग ती जी रडली ते आम्ही दोघांनी ऐकलं. त्या दिवशी लिफ्टवाल्याने फोन कधी ठेवला हे मला सांगता येणार नाही, कारण मलाच काही ऐकू येईनासं झालं होतं.

गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला सांगितलीही नसती. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक नर्सताई राहायच्या. त्या रात्रपाळी करून दिवसा झोपत. माझ्या आवाजाने त्या दचकून उठल्या आणि त्यांनी गाडीचा नंबर पोलिसांना कळवला. काही दिवसांनी दंडाची नोटीस आली. पाच जणांची पत्रपेटी एकच. जो आधी खाली उतरेल तो सगळ्यांची पत्रं वर आणायचा आणि जे कुणालाच वाचता येणार नाही ते फ्रिजवर जायचं. लिफ्टवाल्याने नोटिशीवर गाडीचा नंबर पाहिला, विम्याचा कागद असेल असं ठरवलं आणि ती समोरच्या कप्प्यात घातली. वेळ मिळाला की कामावरच्या काकांकडून वाचून घेऊ, असं त्याने स्वतःला सांगितलं. मागून दुसरी आली, मग लाल पट्टीची तिसरी आली. तिन्ही त्या कप्प्यात, माझ्यापासून हातभर अंतरावर पडून होत्या. मी ओरडून सांगितलं असतं, पण ओरडल्याबद्दलच तर त्या आल्या होत्या.

तिकडे ठमीच्या आईने शाळेचा दाखला काढला, भाड्याचं घर सोडलं आणि भावाकडे जाऊन राहिली, कारण बायको-मुलीला इकडे आणण्याचा अर्ज मंजूर व्हायच्या बेतात होता. तेवढ्यात अर्ज परत आला. वाहतुकीच्या गुन्ह्याला उत्तर दिलेलं नाही, सबब विचार करता येत नाही, असं त्यावर लिहिलं होतं. काका गाडीत बसून ते वाचत होते. ते वीस वर्षांपूर्वी असेच बाहेरून आलेले, इथली भाषा मुरलेली. कप्पा उघडून त्यांनी तिन्ही नोटिसा बाहेर काढल्या आणि कपाळाला हात लावला.

“अरे, लोकांच्या लिफ्ट अडकल्या की धावत जातोस आणि स्वतःचं बिऱ्हाड असं अडकवून ठेवलंस होय?”

 काकांनी मग सल्ला दिला की मांजर आडवं आलं म्हणून हॉर्न वाजवला असं सांगायचं. गाडी उभी होती हे नोटिशीतच लिहिलंय, असं त्यांच्याच लक्षात आलं तेव्हा त्यांनी ते मांजर सोडून दिलं.

पुढचं वाहतुकीच्या कचेरीत घडलं. ते मी पाहिलं नाही, पण बाहेर येऊन लिफ्टवाल्याने बायकोला शब्दन् शब्द सांगितला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं की समोर रस्ता मोकळा, गाडी उभी, मग हॉर्न कशासाठी? त्याने खरं ते सांगितलं आणि काकांनी ते बाईंच्या भाषेत केलं. बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली.

“मग मुलगी फोनवर आली का?”

“नाही. दाराकडे गेली.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. हे कारण आमच्या यादीत बसत नाही, दंड काही माफ होणार नाही, असं त्या म्हणाल्या. पण उत्तर का दिलं नाही याचा खुलासा लिहून द्या, सगळं लिहा, दाराचंही लिहा, असं सांगून त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. दंड त्याच दिवशी भरला. अर्ज मात्र पुन्हा पहिल्यापासून करावा लागला आणि रांगेत शेवटी लागला. लिफ्टवाला नर्सताईंची क्षमा मागून आला. त्यांनी त्याला आत बसवून पाणी दिलं, असं तो फोनवर बायकोला म्हणाला. तेव्हापासून तो गाडीचं दारसुद्धा हळू लावतो.

आणि मला हात लावत नाही. त्याने कानाला खडा लावला. मी अपराधी आहे, हे मला ठाऊक आहे. रविवारी दुपारी तो येऊन बसायचा, तळहात स्टिअरिंगवर ठेवायचा आणि चटका बसल्यासारखा उचलायचा. असं दीड वर्ष चाललं.

मग एके दिवशी आम्ही विमानतळावर गेलो. ठमी आता सात वर्षांची झाली होती आणि तिचे पुढचे दोन दात पडले होते. ती आईला चिकटून मागे बसली आणि वाटभर बोलली नाही. आमच्या रस्त्याचं वळण आलं. लिफ्टवाल्याने गाडी हळू केली. त्याचा तळहात माझ्या बटणावर येऊन थांबला. 

“बाबा, वाजवू नकोस,” मागून ठमी म्हणाली. “त्या ताई झोपल्या असतील.”

मग तिने पुढे वाकून, त्याच्या कानाशी, अगदी हळू आवाजात स्वतःच केलं, “पॉम् पॉम्.” गाडी इमारतीखाली उभी राहिली तरी लिफ्टवाला बराच वेळ उतरला नाही.

मित्रांनो, आता माझ्या तारा गंजल्या आहेत आणि वार्षिक तपासणीला माझा आवाज चिरका निघतो. तुम्हाला सांगण्याजोगं माझ्याकडे थोडंच आहे. आलेला कागद उघडून बघा, कळला नाही तर विचारायला लाजू नका. भिंतीपलीकडे कुणी झोपलं असेल हे विसरू नका. आणि लिफ्टवाला तुम्हाला कधी भेटलाच तर माझा एक निरोप द्या. जिथे कुणाची झोप मोडणार नाही अशा एखाद्या मोकळ्या माळावर त्याने मला एकदा न्यावं आणि दोनदा वाजवावं. पण त्याआधी ठमीला थोडं लांब उभं करावं, म्हणजे तिला धावत यायला जागा राहील.