तोफूने गवताला तोंड लावलं नाही

सकाळी तिएन-फूने पिंजऱ्यात हात घातला, तर वाटीतल्या खाण्याच्या गोळ्या अर्ध्याच उरलेल्या. बाकीच्या तिळ्याने, म्हणजे करड्या सशाने, खाल्ल्या असणार. तो गवताच्या ढिगात तोंड खुपसून कुरूकुरू चावत होता. पांढरा तोफू मात्र कोपऱ्यात पाठ वर काढून बसला होता, डोळे अर्धवट मिटून.

ससे लेकीचे, शीन-रूचे. दोन्ही नुकतीच आईचं दूध सुटलेली पिल्लं. शीन-रूला सातव्या महिन्यातच कळा यायला लागल्या. डॉक्टरांनी तिला तायपेईच्या दवाखान्यात झोपवून ठेवलं आणि जावयाने ससे कीलुंगला सासऱ्यांकडे आणून सोडले. रोज दुपारी ती फोनवर विचारायची, "बाबा, दोघं खातायत ना? गवत कमी पडू देऊ नका हं."

"अगं, इकडे ये जरा," तिएन-फूने हाक मारली.

त्याची बायको यिन-चू हात पुसत आली. "काय झालं? पहिल्या दिवशी तर 'आलं घालून यांचा रस्सा करू' म्हणत होतात. आज तोंड का उतरलंय?"

"यानं काही खाल्लं नाही. याच्या कोपऱ्यात लेंडीसुद्धा नाही."

तिने तोफूला मांडीवर घेतलं. कान गार लागले. गवताची काडी ओठांशी धरली, तर त्याने मान फिरवली. आतून दुखण्याने दात करकरत होते. बारीक आवाज, पण दोघांनाही ऐकू आला.

तिएन-फू म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर जन्म काढलेला माणूस. वादळातही दोर त्याच्या हातून कधी सुटला नव्हता. आता पिंजऱ्याची कडी लावताना दोनदा सुटली.

"तिला सांगायचं नाही," यिन-चू म्हणाली.

"मी कुठे म्हणतोय सांगू?"

"आणि तुमच्या मनात जे आलंय ना, तेही बोलायचं नाही. पोटुशी बाईचं जनावर असं एकाएकी गेलं, तर पोटातल्या बाळालाही..."

"अगं, तूच बोलतेयस!"

तिने जीभ चावली. मग तिने गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळली आणि तोफूच्या कुशीला लावली.

ससे तपासणारी डॉक्टर बंदराच्या पलीकडे. पाऊस धो धो कोसळत होता. टॅक्सीत यिन-चू तोफूचा खोका पोटाशी धरून बसली. दर वळणावर तिएन-फू झाकण उचलून पाहायचा.

"सारखं उघडू नका हो, गार हवा लागते."

"श्वास चालू आहे का बघतोय."

"आहे?"

"आहे."

डॉक्टर कू तरुण होती. तिने पोट चाचपलं, कातडीखाली सलाईन दिलं, औषध दिलं आणि आतल्या खोलीत दिव्याच्या उबेत त्याला ठेवलं. "एवढ्या लहान पिल्लांची आतडी फार नाजूक असतात. तुमचं काही चुकलं असेल असं नाही," ती म्हणाली. दोघं बाहेरच्या बाकावर बसून राहिले. थोड्या वेळाने ती परत आली, ती हात रिकामे घेऊन. तोफू वाचला नव्हता.

तेवढ्यात तिएन-फूच्या खिशात फोन वाजला. जावयाचं नाव.

त्याला फोन उचलवेना. "तू घे," तो म्हणाला. त्याने फोन तिच्या हातात दिला.

यिन-चूने फोन कानाला लावला. पलीकडे शीन-रूच होती. "आई, ह्यांच्या फोनवरून बोलतेय. ससे दाखव ना."

खोटं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. "बाळा, तोफू गेला. आत्ताच. डॉक्टरकडे आणलं होतं गं."

पलीकडून हुंदका. 

"शीन-रू! पोटात दुखतंय का? बोल ना!"

"नाही," ती रडतच म्हणाली. "दुखत नाहीये. तिळ्या एकटा आहे का घरी? मग तुम्ही जा आधी."

ते घरी गेले. त्यानंतरच्या आठवड्यांत फोन वाजला की तिएन-फू खुर्चीतून उठून उभा राहायचा, आणि बायको बोलेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. कळा पुन्हा आल्या, पुन्हा थांबल्या. तिळ्याला मात्र काही झालं नाही.

नात अखेर दिवस भरून आली. लहानखुरी, पण धडधाकट. यिन-चूने तिला नवऱ्यापुढे धरलं.

"घ्या हो."

"नको. आज नको. या हातांचा भरवसा नाही," तो म्हणाला आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

यिन-चू हसली नाही. बाळाला घेऊन ती त्याच्या शेजारी बसली, त्याला नीट दिसेल अशी.