दोन रिकाम्या बाटल्या

थेल्माला मी पाण्याबाहेर ओढलं, तेव्हा ग्लेनिस काठावर उभी राहून बिस्किट खात होती. हे मी विसरणार नाही.

थेल्मा म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीच्या आमच्या वळणावरची लांब मानेची म्हातारी कासवीण. नाव माझ्या सासूचं, कारण दोघींनाही जिथेतिथे डोकं खुपसायची खोड. संशोधनाला लागले त्या वर्षी तिच्या कवचावर मीच खूण कोरली होती. यंदा ती अंड्यांवर आली होती. इथले कोल्हे एक घरटं सोडत नाहीत, म्हणून ती अंडी मला त्यांच्याआधी हवी होती आणि तिला धरायला मी नदीत जाळं लावलं होतं.

आमच्या जाळ्याचं पथ्य एकच. आत अडकलेल्या कासवाला श्वास घेता यावा म्हणून वरचं टोक पाण्याबाहेर तरंगायला हवं. त्यासाठी टोकाला दोन रिकाम्या बाटल्या बांधतात. काल संध्याकाळी मी त्या बांधल्या होत्या. सकाळी जाळं तळाशी गेलेलं आणि थेल्मा आत, मान लोंबकळत.

शेजारची ग्लेनिस आमच्या नदी-सफाई मंडळाची अध्यक्ष. तिच्या पिवळ्या बादलीत माझ्या बाटल्या होत्या.

"काल फिरायला आले होते तेव्हा काढल्या," ती म्हणाली. "कचराच ना तो!"

"जाळ्यावर पाटी होती. हात लावू नका म्हणून."

"अगं, जाळ्याला कुठे लावला मी हात? नुसती दोरी कापली. दोन बाटल्यांसाठी किती तो त्रागा!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाटल्यांसाठी? बुडवून मारलंस तू तिला, ग्लेनिस! वर यायला जागा शोधत रात्रभर जाळीला डोकं आपटलं असेल तिने!"

तिच्या हातातलं बिस्किट गळून पडलं. ती मागे सरायला लागली.

"कुठे निघालीस? बादली रिकामी कर. ओली वाळू भर."

आई मेली तरी पोटातली अंडी काही तास तग धरतात. मी सुरी चालवली आणि एकेक अंडं तिच्या हातात दिलं.

"उलटं करू नकोस. तेवढ्यानेही मरतं."

तिने एकेक अंडं दोन्ही हातांनी धरून वाळूत ठेवलं. मला दया आली नाही.

"जगतील ना गं?" तिने विचारलं.

"पिल्लं बाहेर यायला वर्ष लागतं. तोवर रोज माझ्या घरी येऊन बादलीतली वाळू ओली आहे का, ते तू बघायचंस."

ती रोज येते. मी दार उघडते. चहा अजून एकदाही विचारलेला नाही.