डावीकडे सरकवलेला पत्ता

शुक्रवारी दुपारी मला माझ्या मुलीसाठी आलेल्या मागणीला उत्तर द्यायचं होतं. 'हो' असेल तर तिथंच दोन्ही घरांनी मिळून फातिहाची दुआ म्हणायची आणि नातं पक्कं करायचं. पण मी 'नाही' म्हणणार होतो. ते मी बुधवारीच ठरवून टाकलं होतं.

मुलात तशी खोट काही नव्हती. बासेम वीज कंपनीत इंजिनियर, सिदी बिश्रला स्वतःचं घर. वडील नाहीत, पण आई मोठी रीतीची बाई. पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा रव्याची बसबूसा घेऊन आली, तीही स्वतःच्या हातची. मी दोन तुकडे खाऊन खूश होतो. मग बाईनं मुलाचे गुण सांगायला घेतले. सिगारेट ओढत नाही, कुणाशी भांडत नाही, दर गुरुवारी संध्याकाळी पत्ते खेळायला जातो तेवढंच. माझ्या घशात चहा अडकला. मी विचारलं, म्हणजे जुगार?

शिर्वेत, माझी मुलगी, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली की जुगार नाही बाबा, चित्रांचे पत्ते असतात, त्यात ड्रॅगन असतात, जादूगार असतात. मला वाटलं, त्यापेक्षा जुगार परवडला. जुगारी माणूस कधीतरी कंगाल होतो आणि शुद्धीवर येतो. हा तिशी उलटलेला घोडा ड्रॅगनची चित्रं जमवतो, याला शुद्धीवर कोण आणणार?

माझं नाव वहीद. अनफूशीला जिथं बोटी बांधतात तिथं माझं दोर, गळ, रंग आणि खिळ्यांचं दुकान आहे. माझ्या नाकावर राग असतो असं लोक म्हणतात, आणि ते असं म्हणाले की मला राग येतो. पण फासे-सोंगट्यांचा तावला खेळण्यात माझा हात धरणारा आमच्या भागात कुणी नाही. कहवाखान्यात मी फासे हातात घेतले की लोक खुर्च्या ओढून जवळ येतात. जिंकणारा फासा टाकण्याआधी मी बोटाच्या पेरानं पट दोनदा ठोकतो, टक टक. समोरच्यानं समजून घ्यावं की आता उठायची वेळ झाली. फक्त एकदा कप्तान शुक्रीनं मला हरवलं आणि हरवून वर हसला. गेल्या रमजानपासून मी त्याच्याशी बोलत नव्हतो. हरलेल्या माणसासमोर हसतात का?

गुरुवारी शिर्वेत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाबा, नाही म्हणायचं तर म्हणा. पण आधी बघा आणि मग म्हणा." माझ्या बायकोनं, सुहेरनं, माझा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेलाच होता. म्हणजे दोघींचं आधीच ठरलं होतं. घरात मला सगळं शेवटी कळतं.

ट्रामनं मी आणि शिर्वेत इब्राहिमियाला उतरलो. गल्लीत एक दुकान, बाहेरून पाहिलं तर शाळेच्या वह्यांचं वाटावं. मालकीण मारियान, वयानं माझ्याएवढी, चष्मा कपाळावर. आत लांबच लांब टेबलं आणि त्यांच्याभोवती माणसं. मला वाटलं होतं पोरंटोरं असतील. पण तिथं एक दाढीवाला दंतवैद्य होता, बँकेतली एक बाई होती, नौदलातला एक माणूस तर गणवेशाची पँट बदलायचीही विसरला होता. कोरं पाकीट फोडलं की आधी नाकाशी धरून वास घेत होते, मग आतले पत्ते एकमेकांना दाखवून, नवं बाळ बघायला आल्यासारखे माना डोलावत होते.

आम्ही आत शिरलो तसे सगळे गप्प झाले. मला वाटलं, माझ्या वयाचा मान ठेवला. तेवढ्यात तो दंतवैद्य आपली खुर्ची उचलून पलीकडे निघाला आणि मारियानला म्हणाला, "आज मला हिच्यासमोर बसवू नका. गेल्या आठवड्याचं अजून दुखतंय."

कोण ही, म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे दार होतं. ते शिर्वेतबद्दल बोलत होते.

माझी शिर्वेत! घरी तीन वेळा हाक मारली तर एकदा ओ देते, पाहुण्यांसमोर मान खाली घालून सरबत ठेवते, ती. गुरुवारी मैत्रिणीकडे जाते असं मला सांगितलं होतं. आणि इथं मोठमोठे बाप्ये तिला पाहून खुर्च्या बदलत होते. मला रागवायचं होतं. पण छाती अशी काही फुगली की मी नुसताच खोकलो.

बासेम धावत आला, माझ्यासाठी खुर्ची पुसली, चहा मागवला आणि मग पुढं काय करावं ते न सुचून उभा राहिला. टेबलाला आठजण लागतात, होते सात. मारियान म्हणाली, हाज वहीद बसतील की. मी म्हटलं, मी बघायला आलोय, खेळायला नाही.

"भीती वाटत असेल तर राहू द्या, बाबा," शिर्वेत म्हणाली.

मी बसलो. माझ्या डाव्या हाताला बासेम, त्याच्या डावीकडे शिर्वेत.

रीत सोपी होती. प्रत्येकानं आपलं पाकीट फोडायचं, त्यातला एक पत्ता निवडून ठेवायचा आणि उरलेली गड्डी डावीकडच्याला द्यायची. उजवीकडून जी आपल्याकडे येईल तिच्यातलाही एक ठेवायचा, पुन्हा पुढं सरकवायची. असं करत जे जमेल ते आपलं सैन्य. त्याच पत्त्यांनी खेळायचं आणि जाताना तेच घरी न्यायचे. निवडताना तोंडातून शब्द काढायचा नाही, दुसऱ्याच्या हातात डोकावायचं नाही.

मी पाकीट फोडलं, सवयीनं अंगठा जिभेला लावला आणि पत्ते वेगळे करायला लागलो. टेबलावरून असा काही आवाज आला की जणू मी कुणाच्या पोराला कानफटात मारली. बँकेतल्या बाईनं डोळे मिटून घेतले. नौदलवाल्यानं मुकाट्यानं माझा चहाचा पेला उचलून दूर खिडकीत नेऊन ठेवला. मारियान एक ओला रुमाल आणि एक कोरडा रुमाल घेऊन आली. मी हात पुसले. बायकोनंही मला इतक्या अदबीनं कधी हात धुवायला लावले नव्हते.

रंगाच्या डब्यांवरचं वाचून वाचून मला कामापुरतं इंग्रजी येतं. माझ्या पाकिटात एक सोनेरी पत्ता होता. त्यावर खलाशांच्या गोष्टीतला तो हत्ती उचलून नेणारा पक्षी, रुख, पंखाखाली अख्खं गलबत. चित्र झकास होतं. पण कोपऱ्यात किंमत पाहिली तर आठ. म्हणजे आठ खेपा वाट बघितली की मग हा महाराज मैदानात येणार. मी दुकानदार माणूस. तोवर माल कुजेल. मी एक फाटका लांडगा ठेवला, स्वस्त आणि लगेच चावणारा, आणि गड्डी बासेमकडे सरकवली.

बासेमनं गड्डी उघडली आणि त्याचे कान लाल झाले. मी डोकावलो नाही, पण कान दिसतच होते. सगळ्यांनी आपापले पत्ते ठेवले, हा मात्र बसूनच. एकदा गड्डीकडे पाही, एकदा माझ्या बुटांकडे. कपाळावर घाम. मी मनात म्हटलं, साधा एक पत्ता निवडता येत नाही, हा घर काय चालवणार. शेवटी त्यानं डोळे मिटले, कुठलासा एक पत्ता काढून घेतला आणि बाकीचे शिर्वेतकडे दिले. शिर्वेतनं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि एक पत्ता झटकन उचलला. तिनं विचार करायला चहाच्या घोटाएवढाही वेळ घेतला नाही.

मग खेळ. माझी पहिली गाठ बासेमशीच पडली. मी कहवाखान्यातल्यासारखे पत्ते फर्रकन पिसले, तेव्हा पुन्हा तो मघाचा आवाज झाला. खेळताना मी दोनदा माझा लांडगा विसरलो, आणि दोन्ही वेळा बासेमनंच आठवण करून दिली, "अम्मो," म्हणजे काका, "तुमचा लांडगा अजून चावू शकतो." आठवण करून देऊन त्यानं मला झोडपलं. कुठंही हात राखला नाही. मी हरलो आणि मला राग आला, पण धरून ठेवावं असं त्यात काही सापडेना. तो हसलाही नव्हता. उलट माझ्या लांडग्याचं कौतुक करत होता.

शेवटी उरले दोघं, बासेम आणि शिर्वेत. सगळे खुर्च्या ओढून भोवती जमले. माझ्या खेळाला जमतात तसेच, मला ओळखीचं वाटलं. बासेम चांगला खेळत होता. शिर्वेतची मोर्चेबांधणी त्यानं मोडून काढली होती, आता एक धक्का की संपलं, हे मलासुद्धा कळलं. मी खुर्ची आणखी पुढं ओढली. हिच्या लग्नाला नाही म्हणायला आलेला मी, आणि ही पत्त्यात हरू नये म्हणून मनात दुआ मागत होतो.

शिर्वेतनं एक पत्ता काढला, पालथा धरला. आणि बोटाच्या पेरानं टेबल दोनदा ठोकलं. टक टक.

मी हे तिला कधी शिकवलं नव्हतं. लहानपणी माझ्या मांडीवर बसून तावला बघायची, एवढंच. मला एकदम काही दिसेनासं झालं, चष्मा पुसावा लागला. पुसून बघतो तर टेबलावर सोनेरी रुख.

"तो माझा पक्षी आहे," मी ओरडलो.

त्या पक्ष्यानं बासेमचं सगळं सैन्य उचलून नेलं. बासेम जागेवरून उठला, दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि हसत सुटला. दंतवैद्याला हाक मारून म्हणाला, ये, बघ मला कसं मारलंय. नौदलवाल्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, आपली चूक कुठं झाली तेही सांगितलं आणि ते सांगताना शिर्वेतकडे असं बघत होता की मी छताकडे बघू लागलो. इतकी वर्षं कहवाखान्यात बसतोय, पण हरल्यावर एवढा आनंद झालेला माणूस मी पाहिला नव्हता. आधी वाटलं, मुद्दाम हरला. मी शिर्वेतला तसं विचारलं. ती म्हणाली, "मुद्दाम हरला असता तर मीच आज त्याला 'नाही' म्हटलं असतं. तुम्हाला त्रास दिला नसता."

मारियाननं मला बाजूला घेऊन सांगितलं, की या खेळात असे सात सोनेरी सरदार आहेत, बासेमकडे सहा आहेत आणि सातवा, हा रुख, तो कॉलेजपासून शोधतोय. त्याच्या फाइलीत त्याच्यासाठी एक खिसा रिकामा ठेवलेला आहे. मी गारच पडलो. बासेमला बोलावलं आणि विचारलं, "तुझ्या हातात आला होता. घेतला का नाहीस?"

बासेमनं आधी शिर्वेतकडे पाहिलं. मग म्हणाला, "अम्मो, घेतला असता तर तुम्ही जन्मभर म्हणाला असता, मुलगी मागायला आला आणि माझा रुख घेऊन गेला. परत दिला असता तर म्हणाला असता, मला लहान पोर समजला. म्हणून पुढं सरकवला." मग मान खाली घालून म्हणाला, "आणि नशीब असलं तर तो पक्षी माझ्याच घरी येणार आहे."

मी हसलो. खूप मोठ्यानं हसलो असणार, कारण खिडकीतला माझा चहा कुणीतरी लगबगीनं आणखी लांब नेला.

शुक्रवारी नमाजानंतर मी आधी कप्तान शुक्रीच्या घरी गेलो. म्हटलं, त्या दिवशी तू चांगला खेळलास, आज आमच्याकडे वडीलधारा म्हणून येऊन बस. त्याला इतका धक्का बसला की मला कहवाखान्यात नेऊन चहाचे पैसे त्यानं दिले. शुक्रीनं पैसे दिलेले तिथं आधी कधी कुणीही पाहिलेले नव्हते.

दुपारी सगळे जमले. बासेमची आई यावेळी दुप्पट मोठं तबक भरून आली होती, बरोबर त्याचा मामा. मामांनी घसा खाकरून विचारलं, हाज वहीद, आपलं काय म्हणणं? मी रात्रभर एक वाक्य जुळवून ठेवलं होतं. उठून उभा राहिलो आणि बासेमला म्हणालो, "काल मी पाकिटातला सगळ्यात मोलाचा पत्ता तुझ्याकडे सरकवला, तेव्हा मला कळलं नव्हतं. आज कळून-सवरून सरकवतोय."

सुहेरनं डोक्यावरच्या ओढणीनं डोळे टिपले. शुक्रीनं नाक शिंकरलं. मला वाटलं, झालं, यापेक्षा सुंदर कुणी बोलू शकणार नाही.

शिर्वेत सरबताचं तबक घेऊन उभी होती.

"बाबा, वाक्य फार छान आहे," ती म्हणाली. "पण मी पत्ता नाही. मी खेळणारी आहे." मग हनुवटीनं बासेमकडे खूण केली. "पत्ता हा आहे. मी निवडला, आणि आता कुणाकडे सरकवणार नाही."

तिनं तबक खाली ठेवलं आणि टेबल दोनदा ठोकलं, टक टक.

बासेमनं कालच्यासारखं दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि हसायला लागला. मामा माझ्याकडे बघत राहिले, त्यांना काहीच कळलं नव्हतं. माझ्यापुरता खेळ संपला होता. मी खाली बसलो आणि फातिहासाठी हात वर केले.