बारशाआधीचं नाव

कर्जतच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या तयारीचा वर्ग भरला की भिवाजी शेवटच्या बाकावर बसायचा. केवळ पंख्यासाठी बसतो, असं त्याने गावभर सांगून ठेवलं होतं. मुलगी नम्रता सातव्या महिन्यात. जावई क्लेमंट तुस्कानो खोपोलीच्या कारखान्यात. त्याला रविवारची पाळी लागली की तिला वर्गाला आणायचं काम बापाकडे. नम्रता धर्माने होती तिथेच होती. पण मुलांना बाप्तिस्मा देऊ, असा क्लेमंटने लग्नात शब्द दिला होता आणि नवऱ्याचा शब्द तिने आपला मानला होता. शब्द मोडायचा नाही, हे तिला भिवाजीनेच शिकवलं होतं. आता भोगत होता.

हिल्डा टीचर प्लास्टिकची बाहुली घेऊन शिकवायच्या. "पाणी डोक्यावरून वाहिलं पाहिजे. नुसतं ओलं बोट टेकवून चालत नाही."

"बाहुलीला झाला का मंग?" मागून भिवाजी.

"आबा, बाहुलीला जीव नसतो."

"मंग आमच्या सरपंचाला पण नाय व्हायचा."

वर्ग हसला. टीचरही हसल्या आणि पुढे म्हणाल्या, "बाळाचा जीव धोक्यात असेल आणि फादर पोचत नसतील, तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. हिंदू, मुसलमान, कोणीही. चर्च जे करतं ते करायची इच्छा हवी, आणि शब्द बरोबर हवेत."

"म्हंजे मीपण फादर?"

"पाच मिनिटांपुरते."

मग त्यांनी सगळ्यांकडून शब्द घोकून घेतले. भिवाजी जन्मभर रेल्वेत सांधेवाला. त्याने ते स्टेशनवर गाडीची सूचना देतात तशा चालीवर म्हटले, पण चुकला नाही. आधी बाळाचं नाव, मग मंत्र. नाव नसलं तरी बाप्तिस्मा होतो, असंही टीचर म्हणाल्या.

एका गोष्टीवर मात्र तो थट्टा करत नसे. बारशाआधी नाव तोंडातून काढायचं नाही. चाळीस वर्षांपूर्वी कोंडाण्याला त्याचा पहिला मुलगा नवव्या दिवशी गेला. म्हातारी माणसं म्हणाली, बरं झालं, नाव ठेवलं नव्हतं. नाव नसलं की हाक मारता येत नाही, पोर मागं वळत नाही. ओढ्याकाठी पुरलं, वर धोंडा ठेवला. बायको, जयवंता, मरेपर्यंत म्हणत राहिली, बरं झालं. पण त्या ओढ्यावर ती पुन्हा कधी धुणं घेऊन गेली नाही.

म्हणून नम्रता-क्लेमंटने ठरवलेलं नाव चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद केलं आणि कपाटात ठेवून दिलं. "बाराव्या दिवशी फोडू, आबा. झालं समाधान?"

बाळ आठव्या महिन्यातच आलं. मंगळवारी सकाळी कर्जतला ऑपरेशन झालं. नम्रताला रक्त लागलं, म्हणून क्लेमंट तिच्याजवळ राहिला आणि बाळाबरोबर ॲम्ब्युलन्समधून पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात भिवाजी आला. दुपारी दोनला डॉक्टर म्हणाले, "कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या."

फादर उरणला कुणाच्या तरी मातीला गेलेले. निघाले होते, पण दोन तास लागणार होते. क्लेमंटने फोनवर एवढं सांगितलं. फोन नम्रताने घेतला.

"आबा, तुमी होता ना वर्गात."

"मी पंख्यासाठी बसत होतो गं."

"आबा."

"करतो."

नाव विचारायचं त्याला सुचलं नाही. सांगायचं तिला सुचलं नाही. इतके महिने त्यानेच तर तिची जीभ बांधली होती. मोबाइल दारावर काढून घेतला आणि मगच त्याला आत सोडलं.

काचेच्या पेटीत वीतभर पोर. फिझा नावाच्या नर्सला त्याने काय करायचंय ते सांगितलं. तिने निर्जंतुक पाणी कोमट करून सिरिंजमध्ये भरलं. "किती एमएल, बाबा?"

"टीचरनी एमएल नाय सांगितले. वाहिलं पाहिजे."

"नाव काय बाळाचं?"

भिवाजीने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. यंत्रावरचा आकडा उतरत होता. बाहेर जाऊन फोन करायला वेळ नव्हता. बिननावाचंही चालतं, हे त्याला आठवलं. पण बिननावाचा त्याने एकदा एक पाठवला होता. त्याच्यासाठी मनात धरलेलं नाव चाळीस वर्षं तसंच पडून होतं, कोरं.

"मालोजी," तो म्हणाला, "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो." या वेळी चाल नव्हती. पाणी इवल्या जावळावरून वाहत खालच्या कापडात मुरलं.

"आमीन," फिझा पुटपुटली.

पोर साडेतीनला गेलं. फादर चारला आले.

"पाणी वाहिलं?"

"वाहिलं. माझ्या बाहीतपण गेलं."

त्यांनी शब्द म्हणून घेतले. "आणि इच्छा? चर्च करतं ते करायची?"

"मला चर्चचं काय कळतंय, फादर? पोरीला पायजे होतं ते करायचं होतं."

फादरनी वही उघडली. "तेवढं पुरतं," म्हणाले आणि वहीत लिहिलं, मालोजी. तोवर कर्जतहून पोचलेल्या क्लेमंटने ते वाचलं, सासऱ्याकडे पाहिलं आणि सही केली.

दफन झाल्यावर नम्रताने पाकीट बापाच्या हातात दिलं. "हे तुमीच ठेवा, आबा. आमच्या काय कामाचं आता?"

बाराव्या दिवशी भिवाजी पाकीट घेऊन कोंडाण्याला गेला. एकाचं नाव त्याने दुसऱ्याला देऊन टाकलं होतं. पहिला पुन्हा रिकामाच राहिला होता. ओढ्याच्या वाटेवर आता फार्महाऊसचं फाटक होतं. आत हिरवळ, पोहायचा तलाव, नारळाची रांग. धोंडा दिसत नव्हता. रखवालदार वही घेऊन बाहेर आला.

"कोणाला भेटायचंय?"

"मुलाला."

"नाव सांगा. नावाशिवाय आत सोडत नाही."

भिवाजीने पाकीट फोडलं, चिठ्ठी हात लांब करून धरली आणि अडखळत वाचलं, "झेव्हियर."

रखवालदाराने यादीवरून बोट फिरवलं. "या नावाचं इथं कोणी नाही, काका."

"हाय रं," भिवाजी म्हणाला. "तुमच्या फाटकाच्या आदीपासून हाय."