बावखलाच्या वळणावर

हेलन आंटींची गाडी पुन्हा टो होऊन आली, तेव्हा प्रिस्का आपल्या गिरीज गावातल्या गॅरेजमध्ये चहा पीत होती. गाड्यांच्या वायरिंगमध्ये तिचा हातखंडा होता, पण या गाडीने तिला गोंधळात टाकलं होतं.

"परत तिथेच बंद पडली गं बाय," आंटी म्हणाल्या. "बावखलाच्या वळणावर."

त्याच तळ्याकाठच्या वळणावर आंटींचे नवरे, बेसिल अंकल, वारले होते. घरी येताना छातीत कळ आली, त्यांनी हीच गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवरच मान टाकली. तेव्हापासून आंटी तिथून गेल्या की इंजिन बंद.

प्रिस्काचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. इंजिन किती वेगाने फिरतंय हे सांगणाऱ्या सेन्सरचा सिग्नल तुटतोय, असं गाडीला जोडलेला स्कॅनर दाखवत होता. बॅटरी, अर्थिंग, फ्यूज तिने मागेच तपासले होते. आज ती वायर बोटांनी चाचपत गेली आणि एका लोखंडी क्लॅम्पपाशी थांबली. घासून घासून वायर उघडी पडली होती. वळणावर ती पत्र्याला टेकत असणार. तिला हायसं वाटलं. नवी वायर टाकून, वर रबरी स्लीव्ह चढवून तिने ती नीट बांधली.

"चला आंटी, एक चक्कर मारू."

ऊन कलायला आलं होतं. प्रिस्काने स्टिअरिंग धरलं, स्कॅनर आंटींच्या मांडीवर. बावखल आलं. गाडीने वळण घेतलं आणि इंजिन गपकन बंद पडलं.

केळीची पानंसुद्धा हलत नव्हती.

"प्रिस्का, आपण उभ्या आहोत ना?"

"हो. का?"

आंटींनी स्कॅनर पुढे केला. पडद्यावर इंजिन फिरत होतं. गाडीचा वेग पस्तीस, अडतीस, चाळीस.

वायर शॉर्ट झाली असेल म्हणून प्रिस्काने उतरून बॉनेट उघडलं आणि सेन्सरचा प्लग उपसून काढला. "आता शून्य झालं?"

"नाही. वेग कमी होतोय." आंटींचा आवाज बारीक झाला. "चर्चपाशी बेसिल गाडी अशीच हळू करायचा. क्रूसाची खूण करायला."

प्रिस्का खिडकीशी आली. तो प्लग बॉनेटखाली सुटाच लोंबत होता. पडद्यावरचा वेग पुन्हा चढला, थोडा उतरला.

"हा जेन्सनच्या वाडीचा खड्डा," आंटी पुटपुटल्या. "आता आमची गल्ली."

वीस. दहा. पाच. शून्य. मग इंजिनही थांबलं. पडद्यावरचं, जे मुळात चालूच नव्हतं.

प्रिस्काच्या अंगावर काटा आला. आंटी मात्र रडत नव्हत्या. वाट बघितलेलं माणूस घरी आल्यावर आपण जसे सैलावतो, तशा त्या मागे टेकल्या होत्या.

"पोचला," त्या म्हणाल्या.

प्रिस्काने प्लग बसवला आणि चावी फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. पुढे चर्च आलं, खड्डा आला, गल्ली आली. फाटकापाशी आंटी उतरल्या, केस नीट केले आणि मागे न बघता आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी प्रिस्काने ती सगळी वायरिंग पुन्हा मीटरने तपासून पाहिली. कुठेच काही खोट नव्हती. त्यानंतर त्या वळणावर गाडी कधीच बंद पडली नाही. तो स्कॅनर मात्र तिने कुठल्याच गाडीला लावला नाही. नवा घेतला.