डाळिंबी लोकर

"हा पोपट हाय का कोंबडा गं?"

माझ्या मांडीवरचं मॅटीचं कापड उचलून, आईबरोबर वर्षानुवर्षं वाकळा शिवत आलेल्या बायनामावशींनी उन्हाकडे धरलं. कापडावर समोरासमोर दोन पोपट यायचे होते. डावा आईने भरून ठेवला होता, एकेक फुली मोजून घातल्यासारखी सारखी. उजवा मी भरत होते. शेपटीपासून सुरुवात करून डोक्यापर्यंत पोचले होते.

"पोपटच आहे, मावशी."

"मंग त्याला तुरा कामून फुटलाय?"

मी कापडाची घरं मोजली. तीन घरं वर गेले होते. "उसवते," म्हणाले.

"ऱ्हाऊ दे. एक पोपट, एक कोंबडा. नवराबायकोचं तसंच असतंय." त्यांनी कापड परत दिलं आणि पाय लांब करून वाकळ पुढ्यात ओढली. वाकळ आईच्या साड्यांची होती. तिच्यावर त्यांचा धावदोरा बाहेरून आत, चौकोनात चौकोन असा चालला होता.

आई कार्तिकात गेली. चहाचा कप ठेवायला म्हणून उठली आणि ओट्यापाशीच बसली, ती बसलीच. दिवसपाणी उरकून मी पुण्याला परत जाणार होते, पण गेले नाही. पुस्तकांची मुद्रितं तपासायचं माझं काम कुठूनही करता येतं, हे मी लोकांना सांगितलेलं कारण. खरं म्हणजे गंगाखेडचा हिवाळा सुरू झाला होता आणि आईची ट्रंक उघडायची राहिली होती.

आमच्याकडची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही. मराठवाडा म्हटलं की लोकांना ऊनच आठवतं. पण पौषात परभणीचा पारा पाच-सहावर उतरतो, नळाचं पाणी बोटांना चावतं, आणि सकाळी कारखान्याकडून येणारा मळीचा वास धुक्यात अडकून गल्लीतच बसून राहतो. आईला हे दिवस फार आवडत. तिचा हिवाळा तीन कामांत वाटलेला असे. सकाळच्या उन्हात विणकाम, दुपारी अंगणात वाकळ, आणि दिवे लागल्यावर ट्यूबलाइटखाली फुलीचा टाका. मी साधारण याच क्रमाने चालले होते; वाकळ मावशींनी घेतल्यामुळे माझे पोपट दुपारीही निघत. फक्त सकाळ रिकामी जात होती. विणायला मी घेतलं नव्हतं.

आई गावातल्या वाचनालयात होती, एकतीस वर्षं. पुस्तकं द्यायची, परत घ्यायची, कपाटात लावायची. तिने स्वतः फार पुस्तकं वाचली नाहीत. परत द्यायला आलेल्याला ती विचारायची, "कसंय?" तो सांगायचा, आणि तेच ती पुढच्याला सांगायची. हे सगळं होताना टेबलाखाली तिच्या सुया चाललेल्या असत. मी शाळा सुटल्यावर तिथेच एका बाकावर बसून वाचायचे. सुयांचा तो बारीक आवाज आणि पानं उलटल्याचा आवाज मला आजही वेगळे करता येत नाहीत.

ट्रंक मी मार्गशीर्षात उघडली. वर चिंध्यांचं गाठोडं, त्याखाली मॅटीचं कापड आणि आलेखाच्या कागदावर काढलेले पोपट, मग सुयांचा डबा. तळाशी लोकरीचा एकच गुंडा, डाळिंबी रंगाचा, मुठीपेक्षा थोडा मोठा. विणलेली वस्तू मात्र एकही नव्हती. आयुष्यभर विणत राहिलेल्या बाईच्या घरात तिच्या हातचा एक मोजासुद्धा निघाला नाही.

तसं त्यात नवल नव्हतं. आई कुठलाही स्वेटर कायमचा मानत नसे. अंगाला लहान झाला की उसवायचा. लडी करून कोमट पाण्यात धुवायची, ओली लडी दोरीला टांगून खाली पाण्याने भरलेला तांब्या अडकवायचा, म्हणजे वाकडा झालेला धागा सरळ होतो. वाळली की गुंडा, आणि नवा स्वेटर, नव्या माणसासाठी. आम्ही विचारलं, "माझा निळा कुठंय?" तर म्हणायची, "पुढं गेला."

गुंडा ती वाचनालयातल्या रद्द झालेल्या एखाद्या कार्डावर गुंडाळायची. कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्या लोकरीची नावनिशी असे. आधी कुणाचा होता, मग कुणाचा झाला, छाती किती, बाही किती. कार्ड गुंड्याच्या पोटात. ते मधूनच ओढून काढलेलं तिला चालत नसे. लहानपणी मी एकदा बोटं घालून काढायला गेले, तर हातावर सुई बसली. "विणत जा. लोकर संपली की येतंय बाहेर."

या डाळिंबी गुंड्याच्या पोटात काय लिहिलेलं असणार, ते मला माहीत होतं. शेवटचं नाव माझं.

पुण्यात नोकरी लागली त्या वर्षी आईने मला पूर्ण बाह्यांचा डाळिंबी स्वेटर विणून दिला. उरलेला हा गुंडा ठेवून घेतला, पुढे बाह्या वाढवायला लागल्या तर. मी तो पुष्कळ वर्षं घातला. मग दुकानातली जाकिटं आली. नऊ वर्षांपूर्वी सोसायटीच्या फाटकात जुन्या कपड्यांसाठी खोकं ठेवलं होतं, त्यात मी इतर कपड्यांबरोबर तोही टाकला. त्या वेळी मनात काहीच आलं नाही.

आई मात्र दर दिवाळीच्या आधी फोनवर विचारायची, "येताना तो डाळिंबी आण बरं. बाहीची पट्टी सैल झाली असंल, नवी घालून देते."

"आणते."

आणि दिवाळीला, "विसरले गं."

असं सात वर्षं चाललं. परवाच्या उन्हाळ्यात ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे येऊन पंधरा दिवस राहिली. एका डोळ्याला पट्टी असतानाही तिला स्वस्थ बसवेना. मी कामात असताना तिने माझं कपाट रिकामं करून पुन्हा लावलं. त्यानंतरच्या दिवाळीला तिने स्वेटरचं विचारलं नाही. विसरली असेल, असं वाटून मला बरंच वाटलं होतं.

"ती लोकर दिसायली ना गं ट्रंकेत," दोरा दातांनी तोडत बायनामावशी म्हणाल्या, "लालसर?"

"हो."

"सुकेशनीच्या लेकराला टोपी कर की तिची."

सुकेशनी त्यांची सून. पलीकडच्याच गल्लीत घर, बाळंतीण होऊन अठरा दिवस झालेले. मुलगी झाली होती. आई असती तर टोपी पाचवीच्या आतच पोचली असती. या भागातली कितीतरी डोकी तिच्या टोप्यांनी झाकली होती.

"कसर लागलीय तिला," मी म्हणाले.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. सुईत नवा दोरा ओवला. खोटं मला पूर्वीपासून चटकन सुचतं. मला तो गुंडा संपवायचा नव्हता. तिच्या हाताने गुंडाळलेली तेवढीच एक वस्तू होती, आणि ती संपली की पोटातलं कार्ड बाहेर येणार होतं.

दोन दिवसांनी वाकळ शेवटच्या कोपऱ्याला आली. मावशींनी सुई थांबवली आणि ओंजळ पुढे केली. "दाने आन."

मी पाच ज्वारीचे दाणे आणून दिले. ही त्यांची आणि आईची रीत. वाकळेचा शेवटचा कोपरा शिवताना आत पाच दाणे ठेवायचे. उपाशी वाकळ ऊब देत नाही म्हणे. दाणे आत सारून मावशींनी कोपरा बंद केला आणि त्यावरून हात फिरवला.

"घे. तुझ्या मायची वाकळ."

मी ती मांडीवर घेतली. वाचनालयात नेसायची ती राखाडी साडी मधोमध आली होती.

"लय गार सुटनारय उद्यापासून," त्या उठता उठता म्हणाल्या. "पेपरात आलंय म्हनं. लेकराच्या डोक्याला सुकेशनीनं टावेल गुंडाळलाय, ते सारकं सुटायलंय." चपला पायात घातल्या. मग न वळताच म्हणाल्या, "दाने पोटात घालून ठेवावं. लोकर कामून ठेवायची पोटात?"

दुसऱ्या दिवशी खरंच धुकं इतकं उतरलं की समोरचं फाटक दिसेना. अकराच्या सुमाराला जरा ऊन आलं, तशी मी दूध आणायला निघाले. मावशींच्या दारात सुकेशनी बाळाला घेऊन उन्हाला बसली होती. टॉवेल घसरून बाळाच्या डोळ्यांवर आला होता. तिने तो वर केला आणि मला पाहून हसली. "बगा ना ताई, कापूस घातला कानात, तरी गारच लागतंय डोकं."

मी दूध न आणताच घरी आले.

सुया दहा नंबरच्या घेतल्या. टाके घालायला बसले तर हात अडला. पस्तीस वर्षं विणायची सुई धरली नव्हती. पहिली ओळ तीनदा उसवली. चौथ्या वेळेला डोळे मिटले, तर आईचा उजवा अंगठा दिसला, धागा बोटावरून सरकवताना किंचित आत वळणारा. मग माझाही वळला. एक उलट, एक सुलट अशी दोन बोटं पट्टी, पुढे साधी वीण. अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं, तशी मीही खुर्ची सरकवत भिंतीपाशी गेले.

किती वर्षांनी मला असं सुख झालं होतं, हे लिहिताना संकोच वाटतो. आई जाऊन दोन महिने झाले नव्हते. पण झालं ते खरं. गुंडा पायाशी वेताच्या पाटीत होता आणि दर ओढीला आपल्याभोवती एक गिरकी घेत होता. बाहेर उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून चालले होते. माझं लक्ष फक्त टाक्यांत होतं. चुकलं की उसवायचं आणि पुढे निघायचं. आयुष्यभर आईला कंटाळा कसा आला नाही, असं मला नेहमी वाटे. आता वाटेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी, शेंड्याचे टाके कमी करत असताना, गुंडा अगदी हलका झाला आणि कार्डाचं टोक दिसलं. मी ओढलं नाही. तीन ओळी घातल्या. मग ते आपणच पाटीत उताणं पडलं.

पिवळं पडलेलं कार्ड. मागच्या बाजूला आईचं उभट अक्षर, वेगवेगळ्या वेळच्या पेनांनी:

*डाळिंबी. मी, बाळंतपणातला.*

*महेश्वरी, चौथी. छाती २६.*

*महेश्वरी, आठवी. दोन गुंडे नवे घातले.*

*हे. बिनबाह्यांचा.*

*महेश्वरी, पुणे. पूर्ण बाही १९.*

महेश्वरी म्हणजे मी, आणि 'हे' म्हणजे आप्पा, माझे वडील. मी कॉलेजला बाहेरगावी गेले तेव्हापासून ते सदऱ्याच्या आत स्वेटर घालत. त्याचा रंग मला कधी दिसलाच नव्हता. ते गेले आणि पुढच्याच हिवाळ्यात मला डाळिंबी स्वेटर आला. सोसायटीच्या खोक्यात मी काय काय टाकलं होतं, ते मला आत्ता, या उन्हात बसून कळत होतं.

त्याखाली आणखी एक ओळ होती. अक्षर कापरं, मोठं, ओळ सोडून वर चढलेलं. ऑपरेशननंतरचं.

*पुण्याहून पुढं गेला. नाव कळलं नाही.*

ती कपाटाच्या प्रत्येक कप्प्यात शोधून बसली असणार. नाही सापडला. मग काही न बोलता माझे कपडे घड्या घालून परत ठेवले असणार. गंगाखेडला येऊन गुंडा सोडला, कार्डावर हे लिहिलं आणि लोकर पुन्हा त्याच्यावर गुंडाळली. माझ्या खोटेपणाबद्दल तिने एक अक्षर लिहिलं नव्हतं. तिला फक्त पुढच्याचं नाव हवं होतं.

कार्ड पाटीत तसंच ठेवून मी सुया उचलल्या. मग उरलेले टाके बंद केले, धागा आत ओवला आणि वीतभर उरली होती ती लोकर कार्डाला गुंडाळली.

टोपी घेऊन गेले तेव्हा बायनामावशी दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी टोपी हातात घेतली, उलटी केली, आतून टाके पाहिले.

"कसर गेली वाटतं."

"गेली."

"बरं झालं." त्यांनी सुपातला एक खडा उचलून अंगणात फेकला. "सुकेशने, आगं, बाहेर ये. सिद्धम्माबाईच्या घरून टोपी आलीय."

माझ्या नावाने नाही, आईच्या घराच्या नावाने. मला ते बरोबर वाटलं.

सुकेशनीने बाळाच्या डोक्यावरचा टॉवेल काढला. काळं, विरळ जावळ, टाळू लुकलुकत होती. टोपी किंचित मोठी झाली. भुवयांपर्यंत आली, तशी सुकेशनीने पट्टी एकदा दुमडली. मुलीने तोंड वाकडं केलं, रडेल असं वाटलं, पण मग जांभई दिली.

"येतंय का बगा नीट," सुकेशनी म्हणाली.

"पुढल्या वर्षी लहान होईल," मी म्हणाले. "मग घेऊन ये. उसवून दुसरं काहीतरी करू."

"तुमी असताल का इथं?"

 मी पर्समधून कार्ड आणि पेन्सिल काढली. गुडघ्यावर ठेवून शेवटच्या ओळीखाली लिहिलं, *टोपी*. मग विचारलं, "नाव काय ठेवलंय?"

"अजून कुठं?" मावशी म्हणाल्या. "हिचे मामा आल्यावर ठिवायचंय. थंडी सरू दे."

मी *टोपी* या शब्दाच्या अलीकडे एका नावापुरती जागा सोडली होती. ती तशीच ठेवून कार्ड पर्समध्ये टाकलं आणि सुपातले तांदूळ निवडायला मावशींच्या शेजारी बसले.