तळहातावरचा थेंब

मी किटली बोलतेय. चहाची नव्हे, तेलाची. चहाची किटली पाहुण्यांसमोर मिरवते, मी शेगडीच्या आडोशाला असते. तक्रार नाही, ज्याचा त्याचा धंदा.

एका पत्रेकाम करणाऱ्याने मला घडवलं आणि तेलाच्या एका दुकानदारांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, पसंत केलं. घेण्याआधी त्यांनी पाणी भरून मला वाकडी केली आणि धार कशी तुटते ते पाहिलं. "शेवटचा थेंब बाहेर ओघळत नाही, मागे फिरतो," ते म्हणाले. "ही टिकेल." टिकले.

दुकानात मला अंधारा, थंड कोपरा होता. मालकांची एक रीत होती. नवा माल आला की एक थेंब तळहातावर घ्यायचा, चोळायचा, ओंजळ नाकाशी न्यायची. नाकपुड्या जराशा फुगायच्या. मग निकाल: "ठेवा", नाहीतर "परत न्या". त्यावर अपील नव्हतं.

गिऱ्हाइकं विचारत, "सगळ्यांत चांगलं तेल कुठलं हो?"

"जे हात राखून वापराल ते. आज शेंगदाण्याचं न्या, ते संपलं की तिळाचं न्या. एकालाच धरून बसू नका. आणि तळून उरलेलं पुन्हा पुन्हा तापवू नका."

एक गलेलठ्ठ कंत्राटदार भारीतलं तेल नेई आणि आठवड्यात पुन्हा हजर. म्हणे, "तेल चांगलं आहे, दोन घाणे जास्त तळले तर बिघडलं कुठे?"

"खोकल्याचं औषध चांगलं म्हणून बाटली तोंडाला लावता का?" मालक म्हणाले.

कंत्राटदार पोटभर हसला आणि तेल तेवढंच नेत राहिला. माणसं सल्ला आवडीने ऐकतात. घेतातच असं नाही.

पुढे तेलाच्या बंद पिशव्यांचे दिवस आले, दुकान उठलं आणि मालक मला घरी घेऊन आले. मालकीणबाईंच्या हाताशी असावी म्हणून माझी जागा शेगडीशेजारी, खिडकीखाली ठरली. एका अंगाने ऊन, दुसऱ्या अंगाने आच. रिकामी मी कधी झालेच नाही. तळाशी जुनं असतानाच वरून नवं पडे. मालक स्वयंपाकघरात यायचे ते फक्त रविवारी, थेंब चोळायला.

मग मालकांना मोठा ताप आला. ताप गेला तो त्यांचं वासाचं नाक घेऊन गेला. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. रविवारी थेंब तसाच चोळत, ओंजळ नाकाशी नेत. नाकपुड्या मात्र आता हलत नसत. डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते इतरांचे चेहरे पाहत आणि म्हणत, "ताजं आहे."

त्याच सुमारास मालकीणबाईंच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, तेल कमी करा, चांगलं वापरा, पण जेवण तोडू नका. घरात तेल बदललं, मग आणखी एकदा बदललं. बाई दोन घासांवर उठू लागल्या. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

"आई, काय होतंय?" सून विचारी.

"भूक नाही गं."

खवट वास सुनेलाही येत होता. पण जन्मभर तेल विकलेला माणूस ताजं म्हणतोय, तर आपण कोण? तिला वाटलं, आपलंच नाक बिघडलं.

एका रविवारी मालक ओंजळ नाकाशी धरून उभे होते. शेजारी शेगडीवर दूध उतू जाऊन करपत होतं. सून नाकाला ओढणी लावून आत धावली. मालक शांतपणे म्हणाले, "ताजं आहे."

"बाबा, दूध जळतंय."

त्यांनी शेगडीकडे पाहिलं, मग आपल्या तळहाताकडे.

मालकीणबाई दारात येऊन उभ्या होत्या. "मला ठाऊक होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तेवढीच तर ऐट उरली होती तुमची."

"आणि खवट खात राहिलीस?"

"खात कुठे होते?"

मालकांनी माझ्या तोटीत करंगळी घातली आणि बाहेर काढली. बोटाला काळपट, डिंकासारखं काहीतरी लागलं होतं. "सूनबाई, पिशवीतलं तेल बरोबर होतं. ही किटली गेलीय. हिच्यात पडेल ते खवट होणार."

"नाक गेलं तरी बोट शाबूत आहे," मालकीणबाई म्हणाल्या.

मला रिकामी केलं, राखेने घासलं. आता वरच्या फळीवर माझ्यात लाकडी कालथे उभे असतात. माझ्या जागी एक छोटी गडद बाटली आली. ती बंद कपाटात, शेगडीपासून लांब राहते आणि धुऊन, वाळवूनच भरली जाते. तेल चमच्याने मोजतात. मालकीणबाई ताट पुसून जेवतात.

तुम्ही तेल कुठलं घेता, ते मी विचारत नाही. एकदा आपल्या तेलाच्या भांड्यात बोट तेवढं फिरवून बघा.

रविवारची रीत मोडलेली नाही. थेंब अजून मालकांच्याच तळहातावर पडतो. ते चोळतात आणि ओंजळ सुनेपुढे धरतात. ती वाकून वास घेते. "बोल," ते म्हणतात.

परवा नवी पिशवी फोडली होती. सून ओंजळीवरून मान वर करत म्हणाली, "परत न्या."

मालकांनी लगेच चपला पायात घातल्या.